पाटी आधी, दुकान मग

पेंटरच्या घराण्यात एक नियम होता: पाटी आधी, दुकान मग. गाळ्याला शटर नसेना का, आत माल नसेना का, मालकाचा बेत अजून त्याच्या बायकोला ठाऊक नसेना का, पाटी मात्र लागलीच पाहिजे. पेंटरचे वडील सांगत, "ऑइल पेंट वाळायला वेळ घेतो. माणसाचं काय, तो कधीही वाळतो." याचा नेमका अर्थ त्यांनी शेवटपर्यंत उलगडून सांगितला नाही, पण घरात त्या वाक्याला मोठा मान होता. दुसरा नियम पहिल्याच्याच पोटातला. एकदा लागलेली पाटी पुसायची नाही. चुकली असेल तर बाकीचं जग दुरुस्त करून घ्यायचं.

हे ऐकून कुणाला हसू येत असेल तर त्याने त्या रस्त्यावर जाऊन बघावं. बेकरी आणि चष्म्याचं दुकान तिथे समोरासमोर आहेत. पेंटरने ऐन तरुणपणी दोन्ही पाट्या एकाच दिवशी रंगवल्या आणि एकाच दिवशी लावल्या, फक्त हिची तिकडे आणि तिची इकडे. दोन्ही मालकांनी खाली उभं राहून वर पाहिलं. अक्षर सुरेख आलं होतं. स्क्रू चांगले लांब घातले होते. दोघांनी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मग त्यांना जे सोपं वाटलं ते केलं. चार स्क्रू काढायचे सोडून बेकरीवाल्याने भट्टी फोडली, विटा रस्त्यापलीकडे नेल्या आणि तिथे नव्याने बांधली. चष्मेवाल्याने काचेची कपाटं इकडे आणली. त्या धांदलीत काही चष्मे पिठात गेले, ते अजून अधूनमधून पावात सापडतात. पण पेंटरला कुणी एका शब्दाने बोललं नाही. चूक पाटीची नव्हतीच, दुकानं चुकीच्या जागी होती.

आता पेंटर कामात ढिला होता असं कुणी समजू नये. ती एक अदलाबदल सोडली तर त्याच्या हातून काही चुकलं नाही, आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याने आयुष्यात एक काना काढला नाही. पत्रा घासून, प्रायमर मारून, खडू लावलेलं सूत ताणून रेघा पाडून झाल्या की तो ब्रश कानावर ठेवी आणि विचारी, "काय लिहू?" गिऱ्हाईक सांगे. "नक्की?" गिऱ्हाईक म्हणे, नक्की. "पुन्हा एकदा सांगा." तिसऱ्यांदा सांगताना कित्येकांना शंका येई की आपल्याला हा धंदा खरंच करायचा आहे का, आणि दोघे-तिघे तर तिथूनच घरी परत गेले होते.

त्याच्या एकुलत्या एक मुलीला सगळे ठिपकी म्हणत. रांगत होती तेव्हा तिने वाळत ठेवलेल्या पाटीवर बोट टेकवलं होतं. पाटी शिंप्याची होती. "येथे कपडे शिवून मिळतील" यापुढे एक जादा ठिपका पडला आणि नियमाप्रमाणे तो तसाच राहिला. शिंपी बिचारा तेव्हापासून प्रत्येक सदऱ्याला एक जादा बटण लावतो.

पुढे ठिपकी बापाची शिडी धरायला लागली. शिडी धरणारा माणूस वर बघत नाही, मान दुखते. तो समोर बघतो, आणि समोर भिंत असते. वर बाप अक्षरं काढत असे आणि खाली पोरगी भिंतीवरचं शेवाळ बघत असे. गळक्या नळाजवळचं, पन्हळीखालचं, विटांच्या फटीतलं, जुनी पाटी काढल्यावर तिच्या पाठीमागे सापडणारं. घरी येताना तिच्या खिशात काडेपेट्या असत आणि काडेपेट्यांत शेवाळ. पेंटर म्हणे, "सगळं हिरवंच आहे की गं." त्यावर ती म्हणे, "बाबा, तुम्ही हिरव्या रंगाचे किती डबे ठेवता?" मग पेंटर गप्प बसे, कारण तो बरेच ठेवत असे.

शाळा संपली तेव्हा ठिपकीने दोन ठिकाणी अर्ज केला. एक मोठं विद्यापीठ. त्याचं नाव काढलं की लोक नकळत शर्टाचं वरचं बटण लावत. दुसरं दूरचं. त्याचं नाव काढलं की लोक विचारत, "कुठे?" आणि सांगितल्यावर पुन्हा विचारत, "हो, पण कुठे?" तिथे थंडी फार, जमीन सपाट, करमणूक काही नाही. मात्र तिथे शेवाळाची एक वेगळी इमारत होती. अख्खी इमारत! तिच्याबद्दल वाचताना ठिपकी जेवायची विसरली होती, आणि एरवी तिला भूक आवरत नसे.

मोठ्या विद्यापीठाचा अर्ज टपालात पडला त्याच दिवशी आत्या आली. आत्या म्हणजे पेंटरची थोरली बहीण. तिचं घर रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, त्यामुळे ती येत असे म्हणण्यापेक्षा ती जात नसे म्हणणं जास्त खरं.

"अरे, हातावर हात धरून काय बसलायस?" ती पेंटरला म्हणाली. "पाटी आधी. बाबा असते तर एव्हाना दुसरा हात मारून झाला असता."

"बाजारात तुरी..." ठिपकीची आई म्हणाली आणि पुढची म्हण तिने तोंडातच ठेवली. ती दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची, आणि घरातल्या वादांच्याही घड्या करून बाजूला ठेवण्यात तिचा हातखंडा होता.

पेंटरने सगळ्यात चांगला पत्रा काढला. निळी जमीन, पिवळी अक्षरं, अक्षरांना बारीक काळी सावली. ठिपकी तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या टाकीची भिंत बघायला गेली होती. ती येईपर्यंत थांबावं असं त्याच्या मनात आलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? ती परत आली तेव्हा दारावर पाटी होती: "येथे मोठ्या विद्यापीठाची विद्यार्थिनी राहते."

"बाबा, अजून उत्तर आलं नाही," ठिपकी म्हणाली.

"पेंटही अजून वाळला नाही," पेंटर म्हणाला.

पेंट वाळला, आणि रस्ता बदलला. पोस्टमन ठिपकीला वीजबिल दोन्ही हातांनी द्यायला लागला. बेकरीवाला तिचा पाव कागदात गुंडाळून वर दोरा बांधी, आणि दोऱ्याला फूल करी. एक गृहस्थ भिंतीवरचं घड्याळ उतरवून घेऊन आले आणि म्हणाले, हे बरोबर चाललंय का एवढं फक्त बघून सांगा. नळावरून भांडणारे दोन शेजारी तिच्याकडे न्याय मागायला आले. ती म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बघा, किती तोलून बोलली," असं म्हणून ते समेट करून घरी गेले. आत्याचं तर विचारूच नका. ती स्वतःची ओळख "मोठ्या विद्यापीठाची आत्या" अशी करून देई, आणि दातांच्या डॉक्टरकडे लोक उठून तिला खुर्ची देत. तिचे दात चांगले होते. ती खुर्चीसाठीच जाई.

मग दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली.

मोठ्या विद्यापीठाने ठिपकीला घेतलं होतं. कागद इतका जाड होता की घडी उलगडली तरी पुन्हा आपोआप मिटत होती, आणि आईला, जिचा जन्म घड्या घालण्यात गेला, तिलाही ती आवरेना. खाली शुल्काचा आकडा होता. पेंटरला तो टेलिफोन नंबर वाटला आणि त्याने तो फिरवूनही पाहिला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "हो, तेवढंच."

"आणि विषय कोणता शिकवणार?" ठिपकीने रिसीव्हर हातात घेऊन विचारलं, कारण पत्रात ते कुठेच नव्हतं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या की विद्यापीठ फार जुनं आहे, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही, तेव्हा तो समितीपुढे ठेवण्यात येईल.

दूरच्या विद्यापीठाचं पत्र साध्या कागदावर होतं. शिक्षण फुकट, राहणं फुकट, जेवण फुकट, प्रवास फुकट. शिवाय थंडीचा कोट. कोट घेऊन आमचा माणूस अमुक दिवशी घरी येईल, मुलीने तो अंगात घातला की प्रवेश झाला, नाही घातला तर माणूस कोट घेऊन त्याच संध्याकाळच्या गाडीने परत जाईल, आमचा राग नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"मला दूरच्यात जायचंय," ठिपकी म्हणाली. तिने ते इतक्या सरळ सांगितलं की आत्याच्या हातातला चहा सांडला.

"नाकापेक्षा मोती जड, तसं झालंय ते मोठं," आई म्हणाली. "पोरीला हवंय तेही तिकडे, आणि फुकटही तिकडे. यात विचार कसला करायचा?"

पेंटरने मान हलवली. आधी होकाराची, मग नकाराची. त्याला सगळं पटत होतं. मोठ्या विद्यापीठाने मुलीला काय शिकवायचं हे माहीत नव्हतं, दूरच्याने तिच्यासाठी कोटसुद्धा शिवून ठेवला होता. दगड उचलायला सांगितला असता तर त्याने मुलीसाठी डोंगर उचलला असता. पण एक अडचण होती, आणि ती अशी होती की तिच्यापुढे त्याचं डोकंच चालेना.

"पण पाटी लागलीय ना," तो म्हणाला.

त्या घरात या वाक्यावर बोलायची पद्धत नव्हती.

इकडे आड, तिकडे विहीर. पेंटरने पाटी खरी करायचं ठरवलं. म्हणजे शुल्क भरायचं. त्याने हिशेब पाट्यांत केला आणि त्याच्या लक्षात आलं की गावातल्या प्रत्येक दाराला एकेक पाटी रंगवली तरी भागणार नाही, पुढे न बांधलेल्या दारांनाही रंगवाव्या लागतील. एरवी कुणी इथेच हात टेकले असते. पेंटरला मात्र हुरूप आला, कारण न बांधलेल्या दारांना पाट्या लावायच्या हेच तर घराण्याचं ब्रीद होतं.

तो मोकळ्या भिंती शोधत फिरू लागला. भिंतीपुढे उभा राहून, ब्रश कानावर ठेवून तो रीतीप्रमाणे विचारी, "काय लिहू?" भिंत गप्प राही. तीनदा गप्प राहिली की तो होकार धरी. टाकीच्या भिंतीवर "येथे छत्र्या दुरुस्त होतील" लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक तिथे मोडक्या छत्र्या ठेवून जाऊ लागले. गोदामाच्या मागे "केशकर्तनालय" लागलं, तर एक निवृत्त मास्तर गळ्याला टॉवेल बांधून भिंतीपुढे जाऊन बसले. शेवटी रस्त्याने कात्री घेऊन चाललेल्या आपल्या शिंप्याला भीड पडली. त्याने मास्तरांचे केस कापले, आणि सवयीने कानामागे एक बट जादा ठेवली.

"अहो," आई त्याला म्हणाली, "या पाट्यांचे पैसे कोण देणार?"

पेंटर शिडीवर होता. त्याने ब्रश डब्यात ठेवला. भिंतीला त्याने सगळं विचारलं होतं, फक्त एवढंच विचारायचं राहिलं होतं.

पैसे तर आले नाहीतच, उलट छत्र्यांचे मालक घरी येऊन ओरडू लागले. पाऊस कुठल्याही क्षणी येईल आणि यांच्या दुकानात कामगार नाही म्हणजे काय? पेंटर दिवसभर मूग गिळून बसे आणि काड्या वाकवून सरळ करी. ठिपकी त्याच्या शेजारी बसून काड्या धरायची. ती काही बोलत नव्हती. तिने एकदा सांगितलं होतं, आणि ते ऐकूनही घेतलं नव्हतं तर दुसऱ्यांदा सांगण्यात काय अर्थ आहे, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पेंटरला ते दिसत होतं आणि तो काडीकडे बघत होता.

अशात कोटवाला आला.

उंच, काटकुळा माणूस. हँगरला लावलेला कोट त्याने एका हातात उंच धरला होता, त्यामुळे लांबून दोन माणसं चालत येतायत असं वाटलं. तो दारापाशी थांबला. पत्ता बघितला, घर बघितलं, आणि मग पाटी वाचली. मान तिरकी करून पुन्हा वाचली.

"माफ करा," तो म्हणाला. "मुलीची जागा आधीच भरलेली दिसतेय."

"ती पाटी नुसती..." ठिपकी दारातून पुढे आली. "ते खरं नाही. मी तिथे गेलेली नाही. मला तुमच्याकडे यायचंय."

"बाळ, असेलही," कोटवाला म्हणाला. माणूस मनाने वाईट नव्हता. "पण आमचाही नियम आहे. दुसऱ्याच्या पाटीखाली कोट द्यायचा नाही. उद्या कुणी म्हणालं की आम्ही मोठ्या विद्यापीठाची मुलगी पळवली, तर? ते जुने लोक आहेत, आम्ही नवे. माझी गाडी संध्याकाळची आहे, तोवर मी त्या बेकरीत बसतो. मला पावाचा वास आवडतो." आणि तो खरंच जाऊन बसला. कोटासाठी त्याने वेगळी खुर्ची घेतली.

पेंटरला वाटलं, आता पोरगी रडेल, ओरडेल, पाय आपटेल. तिने तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली, काडेपेट्या एकावर एक रचून फळीवर मागे सरकवल्या, हात धुतले आणि बाहेर येऊन शिडी उचलली.

"चला बाबा," ती म्हणाली. "शिडी धरते. आज कुठली भिंत?"

पेंटरला एकदम आठवलं की "शिडी धरते" हे त्याने पूर्वीही ऐकलंय, याच आवाजात, आणि ते ठिपकीने म्हटलेलं नव्हतं. त्याने टर्पेंटाइनची बाटली घेतली, खरवडायची पट्टी घेतली, शिडी स्वतःच्या दाराला लावली आणि वर चढला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पेंटर पाटी पुसतोय! अख्खा रस्ता गोळा झाला. पट्टी पिवळ्या अक्षरापर्यंत पोचली. तेवढ्यात बेकरीवाला पिठाच्या हातांनीच पुढे आला.

"थांब," तो म्हणाला. "आम्ही भट्टी फोडली, विटा डोक्यावरून नेल्या, पण तुझ्या पाटीला बोट लावलं नाही. आज तू ही पुसलीस तर आम्ही तेव्हा काय मूर्ख होतो?"

चष्मेवाल्याने डोळे पुसले. शिंपी म्हणाला, "आणि माझी बटणं? आजवरच्या बटणांचं काय?" निवृत्त मास्तरांनी कानामागच्या बटेला हात लावला. खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. एक पाटी पुसली की त्या रस्त्यावर कुठलीच पाटी राहणार नव्हती, आणि आपण काय विकतो हे सगळ्यांना नव्याने ठरवावं लागलं असतं. पेंटर वर लटकून राहिला, ना चढता येईना ना उतरता.

"मग भट्टी हलवा," ठिपकीची आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती ओल्या हातांनी दारात उभी होती आणि वैतागली होती. "पाटी हलवायची नाही ना? नका हलवू. माणसं हलवा. आम्ही समोर जातो, वन्सं इकडे येतील. आहे काय त्यात? दोन खाटा आणि एक कपाट."

एक घाव दोन तुकडे! बेकरीवाल्याने मांडीवर हात मारला, पिठाचा ढग उडाला. ही सरळ गोष्ट होती. या रस्त्यावर ती होऊन गेलेली होती.

आत्या पाटीखाली येऊन उभी राहिली आणि वर बघत राहिली. "विद्यार्थिनी राहते," तिने हळूच वाचलं. "अरे, पण मग मी..."

"ताई," पेंटर शिडीवरूनच म्हणाला, "तुझी शाळा माझी शिडी धरायला सुटली. बाबांनी सोडवली, पण शिडीवर मी होतो. मी एकदाही खाली बघितलं नाही." त्याने पट्टी खिशात घातली. "तू ये इकडे राहायला. तुझी जागा आहे ही."

आत्याने नाक ओढलं. "माझा पलंग आधी न्या," ती म्हणाली. "त्याचा एक पाय डुगडुगतोय, जपून."

मग जी झुंबड उडाली! इकडून खाट निघाली, तिकडून पलंग निघाला, आणि दोन्ही रस्त्याच्या मधोमध समोरासमोर येऊन अडले, कारण कुणी आधी जायचं हे ठरेना. आत्याचं कपाट उघडून तिचे हातरुमाल रस्ताभर उडाले आणि आईने जाता जाता ते टिपून त्यांच्या घड्या घातल्या. मोडक्या छत्र्यासुद्धा लोकांनी हौसेने पलीकडे नेल्या, आणि पलीकडे नेल्यावर लक्षात आलं म्हणून परत आणल्या. ठिपकीने काडेपेट्या फ्रॉकच्या ओच्यात भरून स्वतः नेल्या. कुणाला हात लावू दिला नाही.

उन्हं उतरली तेव्हा पेंटर, त्याची बायको आणि मुलगी आत्याच्या घरात होते आणि आत्या त्यांच्या घरात, मोठ्या विद्यापीठाच्या पाटीखाली खुर्ची टाकून ताठ बसली होती. ठिपकी धावत बेकरीत गेली आणि कोटवाल्याला घेऊन आली. तो आला, दारापाशी थांबला आणि मान तिरकी करून वर बघू लागला.

"इथे काहीच लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"इथे मी राहते," ठिपकी म्हणाली.

"राहत असशील. पण मी कुणाच्या दारात कोट देतोय ते मला कळायला नको?" त्याने घड्याळ पाहिलं. "गाडी..."

पेंटर तोवर आत पळाला होता. त्याने प्रायमर मारून ठेवलेला एक पत्रा ओढून काढला, दाराला टेकवला, सूत ताणलं, खडूची रेघ पाडली. डबे उघडले. ब्रश कानावर ठेवला. आणि हात आपोआप थांबला, तसा तो प्रत्येक पाटीपाशी थांबत असे. गावातल्या सगळ्या दुकानदारांना त्याने विचारलं होतं. भिंतींना विचारलं होतं. तो मुलीकडे वळला.

"काय लिहू?"

सबंध रस्ता श्वास धरून उभा होता. पलीकडे आत्या खुर्चीतून अर्धी उठली होती.

"शेवाळ," ठिपकी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा सांगा," पेंटर म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणत असे तसंच, अहो-जाहो करून. त्याला स्वतःला ते कळलं नाही, ठिपकीला मात्र कळलं, आणि दिवसभर कोरडे राहिलेले तिचे डोळे तेव्हा भरून आले.

"शेवाळ, बाबा."

पेंटरने हिरवे डबे एकेक करून तिच्यापुढे धरले. तिने एकावर बोट ठेवलं. त्याने तीन अक्षरं काढली, घाईत काढली, तरी शेवटच्या अक्षराची गाठ त्याने नीट गोल फिरवली. कोटवाल्याने मान तिरकी करून वाचलं, मग मान सरळ करून वाचलं.

"पत्ता बरोबर आहे," असं म्हणून त्याने हँगरवरून कोट काढला.

बाह्या लांब होत्या. आईने त्या दोनदा दुमडून दिल्या आणि मग तिला इतक्या जोरात जवळ घेतलं की कोटाला तिथेच पहिली सुरकुती पडली. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून एक रिकामी बाही हलत होती, हात कुठेतरी आत होता. पेंटर फलाटावरून हात हलवत राहिला. परत आल्यावर त्याला दिसलं की ओल्या पाटीच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आहे, बोटाएवढा. नियमाप्रमाणे तो पुसायचा नव्हता.

सकाळी दारावर थाप पडली. पेंटरने उघडलं तर बाहेर रांग. बेकरीवाला पहिला, हातात वाडगा. मागे शिंपी, त्याच्यामागे चष्मेवाला, मास्तर, पोस्टमन. समोरच्या घराच्या पायरीवर आत्या जाडजूड वही घेऊन बसली होती आणि "आवाज कमी, इथे अभ्यास चाललाय" असं ओरडत होती. मोठ्या विद्यापीठाला तिने पहाटेच पत्र टाकलं होतं की विषय ठरल्याशिवाय विद्यार्थिनी शुल्क भरणार नाही. समिती अजून बसलेली आहे.

"काय हवंय?" पेंटरने विचारलं.

"शेवाळ," बेकरीवाला पाटीकडे बोट दाखवून म्हणाला. "थोडं कमी द्या, घरात दोघंच आहोत."

पेंटरने रांगेकडे पाहिलं. मग वर पाटीकडे पाहिलं. पेंट अजून पुरता वाळला नव्हता.

"माल यायचाय," तो म्हणाला. "मालकीणबाई आणायला गेल्यात."

"वेळ लागेल?"

"लागेल."

"मग आम्ही थांबतो," बेकरीवाला म्हणाला आणि त्याने वाडगा पालथा घालून त्यावर बूड टेकवलं. पेंटर आत गेला आणि त्याने सगळ्यांसाठी चहा ठेवला.